ढोबळे बाई आणि एक काळा मणी

ढोबळे बाई माणसाच्या तोंडाकडे पाहायच्या नाहीत, हाताकडे पाहायच्या. लग्नात भेटा, दवाखान्यात भेटा, घमापूरच्या बाजारात भाजी घेताना भेटा, आधी नजर तुमच्या नखांवर. मग वर. माझी मंदा म्हणायची, "बाईंना देव भेटला तरी आधी म्हणतील, हात दाखव."

मंदा म्हणजे माझी बायको. मागच्या थंडीत गेली. तिच्याबद्दल मी लिहिणार नाही. लिहायला बसलो की पेन थांबते. ढोबळे बाईंबद्दल लिहितो, कारण आमच्या गल्लीत लोक त्यांच्याबद्दल अजून खोटं बोलून राहिले. खरं सांगितलं तर कोणाला ऐकायचं नाही. वाईट गोष्ट जास्त चवीची असते. शाळा माझी आठवीत सुटली, त्यामुळे गोड लिहिता येत नाही. गोड लिहिण्यासारखं यात काही नाहीही.

पाटण रोडवर मटराचा कारखाना आहे. थंडी पडली की आमच्या जबलपूरच्या आजूबाजूचा हिरवा मटर ट्रक भरभरून तिथे येतो. मशीन दाणे काढते, दाणे उकळत्या पाण्यातून निघतात, गोठतात, मग चालत्या पट्ट्यावरून जातात. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या. पिवळा दाणा, फुटका दाणा, काडी, किडा, जे दिसेल ते उचलून टाकायचं. पुढे पाकिटं, मग कंटेनर, मग मुंबईची गोदी, मग समुद्रापलीकडे. मी त्या कारखान्याच्या सेठजींची गाडी चालवायचो. मंदा पट्ट्यावर होती. आणि पट्ट्याच्या सगळ्या बायांवर होत्या ढोबळे बाई.

ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालताना डाव्या बाजूला झुकायच्या. नवरा बड़ा फुहारा बाजारातल्या एका कापड दुकानात शिंपी होता. तापाने गेला, तेव्हा बाई ऐन तारुण्यात होत्या. मूलबाळ नाही. नागपूरकडचं माहेर, ते त्यांनी सोडलं की त्याने यांना सोडलं, कधी कळलं नाही. गळ्यात एक नेलकटर, काळ्या दोऱ्यात ओवलेलं. बाया मागून हसायच्या, "आपल्या गळ्यात नवरा, बाईंच्या गळ्यात नेलकटर." त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा म्हणाल्या, "खरं आहे. पण माझं वालं काम तं करते."

सकाळी दारात रांग. प्रत्येकीने दोन्ही हात पुढे करायचे. "पुढून," बाई म्हणायच्या. तळवे पाहून झाले की "मागून." नख वाढलं असलं की तिथेच कटकट कापून टाकायच्या, आणि कापलेलं नख तिच्याच रुमालात बांधून द्यायच्या. म्हणायच्या, "हे घरी ने. तिकडे नको जायला."

हे 'तिकडे' त्यांच्या तोंडात सारखं असायचं. सेठजी ज्याला फॉरेन म्हणायचे, इन्स्पेक्टर लोक ज्याला इंपोर्टचे नियम म्हणायचे, ते सगळं बाईंच्या हिशेबी एक बाई होती. तिकडची बाई. ती आपल्या स्वयंपाकघरात उभी आहे, पोरं भुकेली आहेत, तिने कात्रीने पाकीट उघडलं, आणि दाणे भांड्यात ओतून राहिली. "आता सांग शांते, तिला त्यात तुझा केस दिसला तं तिला कसं वाटेल?"

शांता तोंडाची फटकळ. "दीदी, तिला सांगा, एकदा इथे येऊन बर्फाच्या दाण्यात दिवसभर हात घालून दाखव. मग केस शोध."

"सांगीन. पण आधी तू केस टोपीत घाल."

बायांना हसू यायचं, पण तिकडची बाई त्यांना हळूहळू ओळखीची झाली. कोणी म्हणे तिची सासू खाष्ट आहे, कोणी म्हणे नवरा पितो. मंदा घरी येऊन सांगायची, "आज तिकडच्या बाईला ताप आहे म्हणे, मटर मऊ पाहिजे." मी म्हणायचो, "तुम्ही सगळ्या पागल झाल्या." ती म्हणायची, "काहून? पट्ट्याकडे पाहून पाहून डोकं फिरते. कोणी तं पाहिजे ना समोर."

मग एका वर्षी तिकडून नवा नियम आला. पट्ट्यावर दागिना चालणार नाही. टिकली नाही, बांगडी नाही, गळ्यात काही नाही. सेठजींनी कागद बाईंच्या हातात दिला आणि स्वतः केबिनमध्ये जाऊन बसले.

त्या दिवशी कारखान्यात जे झालं त्याला गोंधळ हा शब्द लहान आहे. अंगठी काढली, टिकली काढली, बांगड्यांवर रडारड झाली तरी त्या निघाल्या. बाई म्हणाल्या, "हिरव्या मटरात हिरवी काच कोणाला दिसणार?" ते पटलं. पण मंगळसूत्र? नवरा जिवंत असताना? आणि सांगतं कोण, तर विधवा! एक म्हातारी सरळ म्हणाली, "तुमचं गेलं म्हणून आमचंही उतरवून राहिल्या काय?"

मी दारात गाडीच्या किल्ल्या घेऊन उभा होतो. बाईंचा चेहरा मला दिसत होता. काहीच झालं नाही त्या चेहऱ्यावर. म्हणाल्या, "मशीन लोखंड पकडते, सोन्याची वाटीही पकडते. काळा मणी काचेचा, तो पकडत नाही. म्हणून." मग म्हणाल्या, "मी हात लावणार नाही कोणाच्या. माझी सावलीही पडू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सुताराकडून एक फळी आणून दारामागे ठोकली, तिच्यावर खिळे. जिचं तिने आपलं काढायचं, आपल्या खिळ्याला टांगायचं, जाताना आपलं घ्यायचं. बाई तेवढा वेळ पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. बायांना वाटे हा मान आहे. मला तो अपमान वाटे, पण तो बाईंनी स्वतःच ठरवलेला होता.

गल्लीतल्या बायका मंदाला म्हणत, रोज मंगळसूत्र उतरवते, नवऱ्यावर येईल. मी जिवंत आहे. गुडघे दुखतात, साखर आहे, पण जिवंत आहे. ती गेली. ज्यांनी तेव्हा जीभ चालवली त्यांना हे कोणी विचारत नाही.

बाईंना बाजाराची फार उत्सुकता. सेठजी गाडीत सारखे फोनवर असायचे, मला सगळं ऐकू यायचं. तिकडे हिम पडलं, तिकडे पाऊस लांबला, कोणत्या देशाने कर लावला, कोणी काढला, पुढच्या सहा महिन्यांत भाव कुठे जाणार. संध्याकाळी बाई गाडीजवळ यायच्या. "भाऊजी, सेठ काय म्हणून राहिले?"

"तिकडे पीक बुडालं म्हणतात. तेजी आहे."

"म्हणजे ओव्हरटाइम," त्या म्हणायच्या. आणि "तिकडे चांगलं पिकलं" म्हटलं की म्हणायच्या, "म्हणजे पुढच्या सोमवारपासून अर्ध्या बाया घरी." एकदा गाडीला टेकून म्हणाल्या, "काय गंमत आहे भाऊजी. तिकडच्या बाईच्या शेतात पिकलं की माझ्या घरी चूल थंड. आम्ही दोघी एकाच वेळी सुखी अशा होतच नाही."

आता मुख्य गोष्ट.

ऐन मटराच्या दिवसांत मी मोटरसायकलवरून पडलो. मांडीचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. घरात पैसा फक्त मंदाच्या पट्ट्याचा, म्हणून ती ऑपरेशनच्या दिवशीही कामावर गेली. पोरगी माझ्याजवळ होती. आणि त्या दिवशी मंदाने मंगळसूत्र खिळ्याला टांगलं नाही. नवरा टेबलावर कापून ठेवलेला असताना गळा मोकळा करायची तिची हिंमत झाली नाही. ब्लाउजच्या आत खोसलं, वरून ॲप्रन बांधला, रुमालाने गळा झाकला. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्याच, त्यांना कसं दिसणार? दुपारी पट्ट्यावर वाकताना दोरा तुटला. मंदाने मणी ॲप्रनमध्ये धरले, संडासात जाऊन गोळा केले. एक सापडला नाही. तिला वाटलं, खाली पडला असेल, झाडणीत गेला असेल.

मला हे काही माहीत नव्हतं. माझ्या पायात सळई बसली, होळी झाली, मी पुन्हा गाडीवर आलो. आणि एक दिवस मागच्या सीटवर सेठजींचा फोन वाजला. मुंबईचा एजंट होता.

"एक काले मोती के लिए पूरा कंटेनर?" सेठजी ओरडले. मग बराच वेळ ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर हसले. माझ्याशी बोलत नव्हते, पण गाडीत मीच होतो. "उनके यहाँ इस बार फसल बंपर हुई है। भाव टूट गया। महँगे में लिया माल अब उठाना नहीं है, तो मोती मिल गया। भाव ऊपर होता तो पूरी माला निकलती, तब भी धोकर खा लेते।" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "अब नाम माँग रहे हैं। किसने गिराया, क्या कार्रवाई की।"

घरी जाऊन मी हे जेवताना सांगितलं, जशी दुनियेची गोष्ट सांगतात तशी. मंदाचा हात गळ्यावर गेला आणि तिथेच राहिला. मग तिने सगळं सांगितलं.

ताटं तशीच टाकून आम्ही दोन गल्ल्या ओलांडून बाईंच्या खोलीवर गेलो. बाई लसूण सोलत होत्या. मंदा रडत बोलली, मी उभा राहिलो, कारण पाय दुमडत नव्हता. बाईंनी सगळं ऐकलं. मग मंदाचे हात ओढून पाहिले, पुढून, मागून, जसं काही मणी तिथे लपला असेल.

"एवढंही समजलं नाही तुला?" त्या कडाडल्या. "मले सांगायचं होतं. मी तुला त्या दिवशी सुट्टी दिली असती. तिकडच्या बाईच्या ताटात तू मणी टाकला, मंदा! तिच्या पोराच्या घशात गेला असता तं?"

मंदा म्हणाली, "मी उद्या सेठजींना सांगते. जाऊ द्या नोकरी."

"आणि खाशील काय? याच्या पायात सळई आहे, हा किती दिवस गाडी हाकेल? पोरगी कॉलेजात आहे." मग लसणाची परात बाजूला सारली. "उद्या दुपारपर्यंत तोंड उघडू नको. दुपारी काय ते ठरवू. जा आता."

सकाळी मी केबिनच्या दाराशी उभा होतो. सेठजींना बँकेत न्यायचं होतं. बाई माझ्या बाजूने आत गेल्या, माझ्याकडे पाहिलं नाही. पदरातून एक डबी काढली, उघडून टेबलावर ठेवली. आत त्यांचं जुनं मंगळसूत्र होतं, दोरा तुटलेला.

"मोती मेरा था, सेठजी।"

सेठजी डबीकडे पाहत राहिले. "आपका? ढोबळे मैडम, आप तो..."

"विधवा हूँ। मालूम है। उस दिन उनकी बरसी थी। अंदर पहन लिया था।"

सेठजी मूर्ख नव्हते. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्यांना कळायचं, तोच त्यांचा धंदा. पण त्यांना नाव पाहिजे होतं, आणि नाव चालत त्यांच्या टेबलापर्यंत आलं होतं. म्हणाले, "ठीक है। हिसाब करवा लीजिए।"

बाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "एक बात लिख देना उसमें। उस बाई को। मटर अच्छा था।"

"किस बाई को?"

"जो वहाँ पैकेट खोलती है।"

सेठजी मोठ्याने हसले. वाईट हेतूने नाही, खरंच हसू आलं त्यांना. "वहाँ कोई बाई-वाई नहीं बैठी है मैडम। वहाँ भी एक सेठ ही है।"

बाईंनी डबी बंद केली. नवरा गेला तेव्हा त्या कशा दिसल्या असतील ते मला माहीत नाही, पण मला वाटते अशाच.

दुपारी मंदाला कळलं तेव्हा ती धावत केबिनमध्ये गेली. मी सेठजींना घेऊन परत आलोच होतो. तिने खरं सांगितलं. सेठजी मोबाइलमधून वर न पाहता म्हणाले, "एक नाम चला गया। अब दूसरा भेजूँगा तो कहेंगे, इनके यहाँ सबके गले से मोती झड़ते हैं। जाओ, पट्टे पर जाओ।" एवढंच. तिच्या खऱ्याला काही भाव नव्हता.

तिकडे पोचलेला माल परत आला नाही, पण अर्धा अजून मुंबईच्या गोदामातच होता. तोच माल दुसऱ्या पाकिटांत भरून इकडे आपल्याच बाजारात विकला. थोडा कामगारांना फुकट वाटला, सेठजी म्हणाले मिठाई समजा. आमच्याही घरी एक पाकीट आलं. मंदाने केला, आम्ही खाल्ला. मटर चांगला होता.

पण बाईंचं फक्त कामच गेलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. कारखान्यातून गोष्ट गल्लीत आली. विधवा बाई आत लपवून मंगळसूत्र घालते. काहून? कोणासाठी? ज्या बायांसाठी त्या रोज भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, त्याच बाया नळावर बोलत. शांताने तर माणसाचं नावही शोधून काढलं. मंदा एकेकीच्या घरी जाऊन सांगून आली, मणी माझा होता म्हणून. त्या म्हणाल्या, "तुला दया येऊन राहिली तिची, म्हणून बोलते." एकीने दार लावून घेतलं. हळदीकुंकवाला तं बाईंना तसंही बोलवत नव्हतेच, आता लोक चहाला बोलवेनात.

बाई मग घमापूरच्या बाजारात बसू लागल्या. पोतं अंथरून शेंगा सोलायच्या, दाणे पाव-पाव किलोने विकायच्या. थंडीत मटर, बाकी दिवसांत लसूण, चिंच. पहिल्यांदा मंदा तिथे गेली तेव्हा बाईंनी मान वर न करता म्हटलं, "माफी मागायला आली असशील तं जा. शेंगा सोलायला आली असशील तं बस."

मंदा बसली. मग दर रविवारी बसायची. दोघींच्या मधे एकच टोपली. एकदा मी घ्यायला गेलो तर बाई एका गिऱ्हाइकाला म्हणत होत्या, "हात धुतले काय? मग दाण्यात काहून घालून राहिले?" गिऱ्हाईक भडकलं, निघून गेलं. मी म्हटलं, "बाई, धंदा असा होत नाही." त्या म्हणाल्या, "भाऊजी, तिकडे बाई नव्हती. इथे आहे ना? इथल्या बाईच्या पातेल्यात जाते हे."

मी त्यांना सेठजींचं ते बोलणं कधी सांगितलं नव्हतं. भाव पडला म्हणून मणी सापडला, ते. त्या दिवशी सांगून टाकलं. त्यांनी सोललेली शेंग टोपलीत टाकली. म्हणाल्या, "म्हणजे मणी पडला नसता तरी..."

"काडी सापडली असती. काहीतरी सापडलं असतं."

त्यांनी पुढची शेंग फोडली. मग म्हणाल्या, "मंदाला सांगू नका. तिला वाटू द्या की मण्यामुळेच झालं. उगीच गेलं हे कळलं तं तिला जास्त लागेल." मी नाही सांगितलं. मंदाला ते न कळताच ती गेली.

पोटाचं दुखणं होतं, लवकर आटोपलं. सकाळी नेलं दवाखान्यात, दुसऱ्या सकाळी घरी आणलं ते चादरीत गुंडाळून. बाया जमल्या. पट्ट्यावरच्या जवळजवळ सगळ्या आल्या. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, मळवट, ओटी. फार नटवलं तिला. जिवंतपणी एवढी नटलेली मी पाहिली नव्हती.

ढोबळे बाई आल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या. मी म्हटलं, "आत या." शांता मधे आली. "भाऊजी, सवाष्णीचं आहे हे. त्यांना बाहेरच राहू द्या." मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाईंनीच मला हात केला. "राहू द्या भाऊजी. नियम आहे. मी किती जणींना नियम सांगितले." आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सवयीने.

उचलायची वेळ आली. कोणीतरी म्हणालं, सोनं काढून घ्या, मंगळसूत्र आगीत नको. झालं. एकही बाई पुढे होईना. सवाष्णीच्या गळ्यातलं सवाष्णीने कसं उतरवायचं? आपल्यावर येईल. याच बाया, कारखान्यात वर्षानुवर्षं रोज आपल्या हाताने उतरवून खिळ्याला टांगत होत्या. शेवटी शांताच म्हणाली, हळू आवाजात, "ढोबळे दीदींना बोलवा. त्यांना काय, त्यांना चालते."

मला वाटलं त्या जातील निघून. जायला पाहिजे होतं. पण बाईंनी पदर खोचला, मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्या घासून, जसं कारखान्यात धूत. मग मंदाच्या डोक्याशी बसल्या. मानेखाली हात घातला, हुक काढला, केसांत अडकलेला दोरा हळूच सोडवला. मंगळसूत्र तळहातावर धरून बोटाने चाचपलं. एका जागी मणी थोडा वेगळा होता, मोठा, जुनाट. तुटल्यावर मंदाने दुसरा ओवला होता. तो कुठला, मी तोपर्यंत विचारलं नव्हतं. बाईंनी त्यावर अंगठा ठेवला तेव्हा मी ओळखलं. त्यांच्याच डबीतला होता. मंदाने कधी मागितला, त्यांनी कधी दिला, दोघींनाच माहीत.

त्यांनी ते माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "तपासून घ्या."

मग दारात बाया उभ्या होत्या तिथे गेल्या, आणि दोन्ही हात पुढे केले. पुढून. मग मागून. एकीनेही त्या हातांकडे पाहिलं नाही. बाईंनी हात खाली केले, चपला घातल्या आणि डाव्या बाजूला झुकत गल्लीतून निघून गेल्या.